ऑर्व्हिलची रायफल

माँटानातल्या त्या गावात बंदूकवाल्यांची सभा भरली होती. बंदूकनोंदणीचा नवा कायदा हाणून पाडायला राजधानीत धडकायचं तर बसभाडं हवं, म्हणून व्हर्नानं दिवंगत नवऱ्याची, ऑर्व्हिलची रायफल सोडतीत ठेवली. "वहिनी, 'मेलो तरी बंदूक सोडणार नाही' म्हणायचा गडी!" ऑर्व्हिलच्या जुन्या दोस्तानं, ड्वेननं टोमणा मारला. "बघू या की," ती हसली. रायफल हातोहात फिरू लागली. हातात येताच मागचा बोल्ट ओढून आत गोळी नाही ना ते बघायचं आणि मोठ्यानं "रिकामी" म्हणायचं, हा ऑर्व्हिलनंच घालून दिलेला नियम. शेवटच्या खुर्चीवर अजूनही त्याची टोपी असते. ड्वेननं "रिकामी" म्हणत गमतीनं रायफल टोपीशेजारी टेकवली. खुर्ची करकरली. व्हर्नानं रायफल उचलून सवयीनं बोल्ट ओढला. तळहातावर काडतूस पडलं, खिशातून नुकतंच काढल्यासारखं कोमट. "वहिनी, 'रिकामी' म्हणा की," ड्वेन म्हणाला. "बरं बाबा, नाही देत," ती टोपीला म्हणाली.