पाटीवरचं नवं नाव

थोरली बहीण आठव्या वर्षी गेली आणि तिचंच नाव धाकटीला ठेवलं. नावाबरोबर तिचं दप्तर, तिचे फ्रॉक, तिचा गाण्याचा क्लासही गळ्यात पडला. आईने हाक मारली की धाकटीच्या आधी माळ्यावरून एक पोरगी म्हणायची, "आले गं."

चाळीस वर्षं धाकटीने हे ऐकून घेतलं. पाट्या कोरणं हा तिचा धंदा. आज तिने पितळेवर स्वतः निवडलेलं नाव कोरलं आणि पाटी दारावर ठोकली.

"आता याच नावाने हाक मार, आई."

"तिला काय वाटेल?"

"वाटू दे."

आईने चाचरत हाक मारली. माळा गप्प होता. धाकटीने हसत ओ द्यायला तोंड उघडलं.

"आले गं," पाठीमागून, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं. आवाज आता पोरीचा नव्हता.