नकाशातलं सुखाचं खोरं

“ते सुखाचं खोरं नकाशावरून काढा म्हणून किती वेळा सांगायचं?” मावशींचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला.

शिवणयंत्रावरून तशाच उठून आल्या होत्या. गळ्यातला टेप काढायचंही भान राहिलं नव्हतं. नकाशा कार्यालयातली ही त्यांची सहावी फेरी. त्या दारात दिसल्या की कारकून फायलीत डोकं खुपसायचा.

डोंगरांपलीकडे एक खोरं आहे, तिथे माणूस म्हातारा होत नाही, अशी गोष्ट लोक पूर्वीपासून सांगायचे. सांगेनात बापडे! पण सरकारी नकाशात, ठसठशीत अक्षरांत? मागच्या नकाशात होतं म्हणून या नकाशात आलं, एवढंच. त्यावर विश्वास ठेवून मावशींचा थोरला अकरा वर्षांपूर्वी निघून गेला. पत्र नाही, निरोप नाही. आता धाकट्यानेही पिशवी भरली होती. “दादाला घेऊनच येतो,” म्हणत होता. समजावून समजावून मावशींच्या घशाला कोरड पडली. तो नुसता नकाशावर बोट ठेवायचा. उद्या सकाळी निघणार होता.

“मावशी, खोरं नाही याचा पुरावा आणा,” कारकून म्हणाला.

“नाही त्याचा पुरावा आणू कुठून? पिशवीत भरून?”

आरडाओरडा ऐकून आतून नवे साहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोजणीच्या जुन्या वह्या मागवल्या. तासभर चाळल्या आणि कपाळाला हात लावला.

“अहो, तिकडे मोजणीला कधी कोणी गेलंच नाही! चूक आमची आहे, मावशी. या अर्जावर सही करा. दुरुस्तीचा शिक्का मारलेला कागद आत्ता हातात देतो. मुलाला दाखवा.”

मावशींना एकदम रडायलाच आलं. सहा फेऱ्या, आणि काम एका सहीचं! मेल्यांनी नुसतं पळवलं. त्यांनी पेन घेतलं. पण कापड कापण्याआधी दोनदा मोजायची सवय. अर्जावरून बोट फिरवत त्या वाचू लागल्या.

‘नकाशात दाखवलेले ठिकाण अस्तित्वात नाही. तेथे कोणीही राहत नाही.’

बोट थांबलं.

“हे दुसरं वाक्य खोडा.”

“असं कसं खोडणार? ठिकाणच नाही, तर राहणार कोण?”

“खोडा म्हणते ना!”

“मावशी, हट्ट करू नका. सही केलीत तर धाकटा घरी राहील.”

मावशींनी पेन टेबलावर आपटलं.

“कोणी राहत नाही म्हणता? मग माझा थोरला अकरा वर्षं कुठे राहतोय, ते लिहा आधी!”