चिमट्यांची बरणी

"मग चिमटे कशात ठेवू मी?" ताईनं विचारलं.

"हा डबा आणलाय ना तुला. नवा कोरा, झाकणाचा." शिंप्यानं प्लास्टिकचा डबा पुढे केला आणि नजर चुकवली. लोकांचे कपडे इमानानं शिवणारा माणूस आज सख्ख्या बहिणीलाच टोपी घालत होता.

गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, आईची चिनी मातीची बरणी होती. निळ्या वेलीची, बिनझाकणाची. आई गेल्यापासून तिच्यात कपड्यांचे चिमटे असायचे. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, शिंपी तर नाहीच. पण काल जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेमागे, त्यानं थेट अशीच बरणी पाहिली. खालची किंमत वाचून त्याला घामच फुटला. गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं नसतं तर किंमत सोडा, दुकानसुद्धा दिसलं नसतं. तेही ताईनंच धावपळ करून कुठल्याशा संस्थेकडून फुकट करवून घेतलं होतं.

त्याचं शिलाई मशीन आता पार खिळखिळं झालं होतं. नवं आलं नाही तर दुकानाला कुलूपच. ताईला खरं सांगायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण आईची वस्तू म्हणजे दोघांची, आणि अर्ध्या पैशात मशीन येत नव्हतं.

"आईची आठवण म्हणून नेतो," तो म्हणाला.

ताईचा चेहरा उतरला. "दुसरं काहीतरी ने ना. तिची शाल आहे, आरसा आहे."

"नको. हीच दे."

"अरे, एवढं काय आहे तिच्यात?"

"कुठे काय! आपली... आठवण." त्याची जीभ अडखळली.

ताईनं एकेक चिमटा डब्यात टाकला. "ने बाबा. पण घरातच ठेव हं. कुणाला दाखवत बसू नकोस."

हिला संशय आला की काय? चोराच्या मनात चांदणं! त्याचे कान तापले. जिना उतरताना त्यानं ठरवलं, अर्धे पैसे ताईला द्यायचेच. कोपऱ्यापर्यंत अर्ध्याचे पाव झाले. दुकानाच्या पायरीशी तर तिच्या वाट्याला नुसती एक चादर उरली. स्वतःचीच किळस येत होती, पण मेले पाय काही मागे वळेनात.

दुकानदारानं बरणी उलटी करून बूड पाहिलं.

"ही तुमच्याकडे कशी?"

"घरचीच आहे. आईची."

"काहीतरीच काय सांगताय! ही बाजारातली साधी बरणी. गेल्या वर्षी मीच दिली होती एका बाईंना. हा बघा, माझ्या हातचा आकडा आहे अजून."

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कोण बाई?"

दुकानदारानं काचेमागच्या बरणीकडे बोट दाखवलं. "ज्यांनी ती विकली, त्या. भावाच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. पैसे घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, अशीच दिसणारी एखादी स्वस्तातली द्या. पट्टी सुटली की माझा भाऊ आधी आईची बरणी शोधेल."