दुसरी प्रत मोफत

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाई वाचक-मेळाव्याला या वेळी एकट्याच आल्या होत्या. लेक हल्ली घराबाहेर पडायलाच तयार नसे. टेबलावर हिवाळी ऑफरची पाटी होती: एक प्रत घ्या, दुसरी 'तिच्या'साठी मोफत.

सहीसाठी आलेला तरुण हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचा नायक नकार मिळाला तरी रोज तिच्या खिडकीखाली उभा राहतो. मीही तेच करतोय."

"मग? विरघळली का?"

"कुठलं काय! पडदेच लावून घेते."

"लाजत असेल हो. चिकाटी सोडू नका." बाईंनी हसत दुसरी प्रत उघडली. "हिच्यावर काय नाव घालू?"

"ठमी. तुम्ही स्वयंपाकघरातून तिला हाक मारता ना, ती खाली स्पष्ट ऐकू येते."