साहेब पाणी प्याले

नानासाहेबांनी तांब्या तोंडाला लावला आणि ओसरीवरची कुजबुज बंद झाली.

पाणी सगळं संपवूनच त्यांनी तो खाली ठेवला. समोर बसलेल्या उद्धवरावांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं आणि जमलेल्या लोकांकडे ऐटीत पाहिलं, जणू तांब्या त्यांनीच रिकामा केला होता.

कुरुळी गावाला या पाण्याचं एवढं अप्रूप वाटायला कारण होतं. नानासाहेब म्हणजे अफरातफर शोधणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुख. पुण्याला मोठं ऑफिस, हाताखाली ढीगभर माणसं. चौकशी चालू असली की त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या साऱ्या चाकण भागाला पाठ होता. चाकणच्या ज्योतीरामाला त्यांनी तुरुंगात धाडलं. त्यांचाच शाळेतला सोबती तो. त्याच्या ओसरीवर साहेब अख्खा उन्हाळा येऊन बसले, पण पाण्याला शिवले नाहीत, असं लोक अजून सांगत. त्यावरून गावानं आपला कायदाही करून टाकला होता. साहेब ज्याच्या घरी पाणी प्याले, तो सुटला.

इथली चौकशी कांद्याच्या वखारीची. छप्पन साली गावानं वर्गणी काढली, सरकारनं भर घातली आणि सगळा पैसा सोसायटीचे चेअरमन म्हणून उद्धवरावांच्या हाती आला. वखारीच्या भिंती उठल्या. छप्पर काही चढलं नाही. “पत्र्याला परमिट मिळत न्हाई, समदा माल पिंपरीच्या कारखान्यांकडं जातोय,” असं उद्धवराव सांगत. दोन पावसाळे कांदा उघड्यावर सडला. शेवटी सोनबा नावाच्या म्हाताऱ्यानं तक्रार केली, तेव्हा कुठं साहेबांची जीप गावात आली.

आणि उद्धवराव म्हणजे साहेबांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हे काम दुसऱ्याकडे द्या, असं साहेबांनी वर कळवलं होतं. तुमच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर, असं उत्तर आलं. गोड बोलून माणसाला गोत्यात कसं घालावं, हे सरकारकडून शिकावं.

तेव्हापासून साहेब यायचे ते बहिणीच्या दारातल्या लिंबाखाली बसायचे. सारजाबाई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. ते मान हलवायचे. ती तांब्या घेऊन आत जायची. आईविना वाढलेली ही पोर त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलेली. या घरात तिला दिली तीही त्यांनीच, मुलगा हिशेबाला चोख आहे म्हणून. तिला असं आत परतताना पाहून ते कागदांत डोकं खुपसायचे.

काल मात्र त्यांचा सांगावा आला होता. उद्या जेवायला येतो.

“पानी गार हाय ना, दादा?” सारजाबाईनं विचारलं.

“फार गार आहे,” साहेब म्हणाले.

ताट आलं. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी, घेवड्याची भाजी. मासवडीत बाईची सगळी सकाळ जाते, पण दादांना ती लहानपणापासून आवडायची. वाढताना सारजाबाईच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या.

“दिवाळीला सोन्याच्या पाटल्या केल्या हिला,” उद्धवराव म्हणाले. “घालंल तर शपथ!”

“कामात आडव्या येत्यात,” ती म्हणाली.

साहेबांनी भाजीचा घास घेतला. “घेवडा कोवळा आहे गं.”

“गवराबाईकडचा. ज्योतीरामाची बायको. चाकणच्या बाजारात भाजी घिऊन बसती आता.”

साहेबांचा पुढचा घास हातातच राहिला. “बरी आहे ती?”

“बरी हाय. बोलती माझ्याशी. आणिक रस्सा वाढू?”

“वाढ.”

उद्धवरावांना आता चांगलाच कंठ फुटला. “काय सोनबा? बघितलंस का? माझी अब्रू घालवायला निघाला व्हतास न्हवं?”

सोनबा ओसरीच्या कडेला बसला होता. त्यानं साहेबांकडे एकवार पाहिलं, पागोटं सारखं केलं आणि खाली उतरून चालू लागला. त्याच्यामागून एकेक जण उठला. साहेब पोटभर जेवत होते, तेव्हा बोलायला जागाच उरली नव्हती. सारजाबाई सोनबाच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली.

साहेबांनी हात धुतले. पान पुढं आलं, तेही घेतलं. उद्धवराव तिथंच ओसरीवर आडवे झाले आणि बघता बघता घोरायला लागले. बिचाऱ्यांना कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

भाऊ-बहीण दोघंच उरली. साहेब उंबऱ्याशी बसले. तिच्यासाठी हे घर आपण शोधलं नसतं तर, एवढंच राहून राहून मनात येत होतं.

वेशीकडून दुसऱ्या जीपचा आवाज आला.

“सारजे,” ते म्हणाले, “मी…”

“थांबा,” ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गाठोडं होतं. उद्धवरावांची धोतरं, बंडी, पांघरायची घोंगडी, सगळं नीट बांधलेलं. ते तिनं दादांपुढं ठेवलं आणि वर सोन्याच्या पाटल्या ठेवल्या.

“ह्या वखारीच्या हायत,” ती हळूच म्हणाली. “त्यास्नी झोपंतनं दचकवून उठवू नगा, दादा. गवराबाईनं सांगितलं व्हतं मला. तिच्या घरीबी तुमी चौकशी संपल्यावरच जेवला व्हता, ज्योतीरामाला नेलं त्या दिशी.”