सारोनचा जुना सूर

फोल्डर रिकामा होता.

वेनिंगने तो बंद करून पुन्हा उघडला. मग पुन्हा.

अंगणात वाद्यांचे कारागीर पाक सुकादी काशाच्या पट्टीवर कानस चालवत होते. सकाळी अकराला तिनेच त्यांना सांगितलं होतं, "झालं, पाक. आवाज घेतले. करा सुरू."

सात काशाच्या पट्ट्यांचं सारोन, हातोडीने ठोकून वाजवायचं जावाचं वाद्य. गियेम आजी, सगळ्यांची म्बाह, साठ वर्षं ते वाजवत आलेली. आता लग्नांतल्या कीबोर्डशी त्याचे सूर जुळेनात, बोलावणी येईनात. पट्ट्या घासून कीबोर्डच्या सुरात आणायला म्हातारी शेवटी कबूल झाली, पण एका अटीवर. आधी जुने सूर जपून ठेवायचे. म्हणून सोलो शहरातून वेनिंग आली होती. आवाज टिपणारी तळहाताएवढी पेटी तिनेच बनवलेली. पेटीला स्वतःची डिस्क नव्हती. सुरू झाली की ती खोलीतल्या संगणकाकडे तारेवरून एक फोल्डर मागायची आणि आवाज थेट तिथे ठेवायची.

तार: लावलेली.
पत्ता: बरोबर.
परवानगी: आहे.
फोल्डर: जोडलेला. रिकामा.

म्बाह दारात आली. "न्दुक, पोरी, ऐकव की आता. चहाही गार करून ठेवलास."

"थोडं थांबा, म्बाह. तपासतेय."

"सकाळी कानाला लावून ऐकलंस ना? अशी डुलत होतीस, मला वाटलं आता नाचतेस."

ऐकलं होतं. स्वच्छ आले होते सातही. पेटीवर हिरवा दिवा होता.

तिने संगणकातली नोंद उघडली. पेटीची मागणी आज पहिल्यांदा तिथे पोचली ती वेळ: दोन वाजून दहा मिनिटं.

दुपारची.

सकाळी वीज जाऊन आली होती. पेटी चटकन जागी झाली, संगणक सावकाश. पेटीने फोल्डर मागितला तेव्हा उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून ती तशीच पुढे गेली. त्याच नावाची एक मोकळी जागा तिच्या आतही होती, वीज असेपर्यंत टिकणाऱ्या स्मृतीत. सातही सूर तिथे जाऊन बसले. वेनिंगने सकाळी ऐकले ते तिथलेच. तीन तास ते तिथे होते.

दोन वाजून नऊ मिनिटांनी संगणकावर काही दिसेना म्हणून तिने पेटीची विजेची वायर उपटली आणि परत लावली. विचारही केला नाही. सगळे आधी तेच करतात.

ती अंगणात धावली. "पाक, थांबा! किती पट्ट्या राहिल्यात?"

"राहिल्यात कुठल्या? शेवटच्या पट्टीवर हात फिरवतोय." त्यांनी पट्टी फुंकली. "का गं, तोंड का उतरलं?"

"आवाज गेले."

"कुठे गेले?"

"माझ्याकडून गेले, पाक. वायर मीच उपटली."

सुकादींनी कानस खाली ठेवली. "आमचं हत्यार बरं बाई, वीज लागत नाही," म्हणाले, पण पुढे त्यांनाच हसता येईना. "घासून मागे नेता येतात सूर. पण कुठवर न्यायचे? कशाशी जुळवू मी?"

दोघंही म्बाहकडे बघायला धजेनात.

"माझ्याशी जुळव, सुकादी," म्हातारी म्हणाली आणि पायरीवर बसली. "साठ वर्षं काय बहिरी होते मी? पोरी, आण तुझी पेटी."

वेनिंगने पेटी आणली. या वेळी तिने आधी संगणकात पाहिलं. फाईल तिथे होती, क्षणाक्षणाला वाढत होती.

म्बाहने डोळे मिटले आणि पहिल्या पट्टीचा सूर लावला. बारीक, किंचित उतरलेला, कीबोर्डवर कुठेच नसलेला. वेनिंगने मान वर केली. सकाळचाच होता तो.

किती फरक पडलाय ते बघायला सुकादींनी घासलेल्या पट्टीवर हलकेच ठोका दिला.

म्हातारीचा आवाज क्षणभर आपल्या जागी उभा राहिला. मग थरथरला, आणि हळूच सरकत काशाच्या नव्या सुरात जाऊन मिसळला.

"हा," डोळे न उघडता ती समाधानाने म्हणाली. "हाच."