पाझराचं सांगितलंस ना

“अव्होकाडोच्या आधी या टेकडीवर काय होतं, एवढंच विचार त्यांना,” तपासणीला आलेल्या परदेशी बाई आपल्या भाषेत म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

नववीतली पोरगी जागच्या जागी दोन इंच उंच झाली. अख्ख्या पॅकिंग शेडमध्ये बाईंची भाषा येणारी ती एकटी! मॅनेजर आजारी, म्हणून मुकादमाच्या लेकीला थेट वर्गातून उचलून आणलेलं. गणवेशावर शाईचा डाग तसाच. “मास्तरीणबाई आल्या हो!” म्हणत बायकांनी तिला हसून घेतलं होतं.

फक्त आत शिरताना बाबांनी दंड धरून सांगितलं होतं, “झाडी तोडून लावलेली बाग म्हटलं, की तिकडे आपलं फळ कुणी घेत नाही. शेडला कुलूप. मी घरी, आत्या घरी, या सगळ्या घरी. कळलं?”

तेव्हा तिला ते काही फार अवघड वाटलं नव्हतं. पण बाईंनी नेमकं आत्यालाच निवडलं.

आत्याने देठ कापायची कात्री खाली ठेवली. हात पुसले. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“झाडी होती गं. इतकी दाट, की शेळ्या आत शिरल्या की दिसायच्या नाहीत, घंटेवरून शोधायच्या. तुझा बाप एकदा शेळीसकट हरवला होता, रडून नुसता धिंगाणा! मध, सरपण, कुणाला विचारायला नको. आणि ती वरची टाकी आहे ना, तिथे पाझर होता. भर उन्हाळ्यात ओंजळ धरली की भरायची. मग मशिनं आली. आठ दिवसांत टेकडी तळहातासारखी करून टाकली. पाझर कुठे गेला, ते नाही कळलं.”

खोक्यांच्या थप्पीमागून बाबा खाकरले.

“ओसाड माळ होता,” ती बाईंच्या भाषेत म्हणाली. उच्चार अगदी शुद्ध आला.

बाईंचा चेहरा खुलला. कागदावर एक बरोबरची खूण झाली. “सांग त्यांना, उजाड जागा हिरवीगार केलीत तुम्ही! केवढी अभिमानाची गोष्ट!”

“काय म्हणाल्या?” आत्याने विचारलं.

“लिहून घेतलं, म्हणाल्या.”

“पाझराचं सांगितलंस ना?”

“हो.”

“एवढ्यात?” आत्याला कोण कौतुक! “मी पाटीभर बोलले, पोरीने चिमटीत बसवलं. याला म्हणतात शिक्षण!” आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओरडून म्हणाली, “अगं, लिहून घेतायत त्या! सगळं!”

कात्र्या थांबल्या.

“मग माझ्या आईच्या मधाच्या पोळ्यांचं सांग की!”

“आमची लंगडी शेळी राहिली, तिलाही घाला म्हणावं!”

“पाझर बारा महिने वाहायचा. बारा! नीट लिहा हं.”

हशा पिकला. पोरीचे कान तापले. तिने बाबांकडे पाहिलं. ते पाठ फिरवून खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. लावलेल्याच खोक्यांना.

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. हसून विचारलं, “काय म्हणतायत सगळ्या?”

“आभार मानतायत,” ती म्हणाली.